राहिलेली तोंडी

राजुरीच्या शिवाराला लागून असलेल्या त्या वाडीत कुणालाही विचारा, "रामनाथचं घर कुठलं?" समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघेल, मग आभाळाकडे बघेल आणि म्हणेल, "कंचा रामनाथ? न्हाई बा ठाऊक." त्याच वेळी रामनाथ पलीकडच्या गोठ्यात म्हशीला वैरण टाकत असला तरी उत्तर हेच. तुम्ही म्हणायचं, "शिकंदर." की मग वाडीतलं कुत्रंसुद्धा शेपूट हलवत दारापर्यंत सोडायला येतं.

हे नाव आपणच ठेवलं, असं यात्रा कमिटीचे अध्यक्ष बाळासाहेब छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. बाळासाहेबांनी आजवर जेवढी नावं ठेवली ती सगळी बैलांची. हे नाव ठेवलं रामनाथच्या बायकोनं, प्रतिभानं, लग्नाला महिना व्हायच्या आत, नळावर हंडा भरता भरता. "आमच्याकडं शिकंदर हायेत बाई," ती म्हणाली, "जग जिंकायला निघाले व्हते, कांद्याच्या वाफ्यात अडाकले." झालं! हंडा भरायच्या आधी नाव वाडीभर. बाई अवसरीची. आंबेगाव तालुक्यातल्या बायका बोलायला लागल्या की अर्धी माणसं हसतात आणि उरलेली घरी जाऊन विचार करतात.

तसा रामनाथ चारचौघांसारखा. पंचेचाळिशीचा, कांदा-टोमॅटोवाला, दोन म्हशींचा धनी. आवाज मात्र त्याला देताना देवाचा हात सैल सुटलेला. आपल्याकडे चैत्र लागला की गावोगाव यात्रा, आणि यात्रा तिथं बैलगाडा. चार बैल, पुढं घोडी, चढाचा घाट, आणि पापणी लवते न लवते तोवर बारी संपलेली. जे डोळ्यांना पुरतं दिसत नाही ते कानांना दाखवायचं काम माइकवरच्या निवेदकाचं. रामनाथनं घाटात "झाऽऽऽली!" म्हटलं की पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी चुलीपुढूनच हात जोडायची. मध्ये कोर्टानं शर्यती बंद ठेवल्या, ती वर्षं त्यानं लग्नं, क्रिकेटचे सामने आणि दशक्रिया यांवर काढली. एका दशक्रियेला पिंडाला कावळा शिवला आणि सवयीनं याच्या तोंडून "झाऽऽऽली!" निघालं म्हणतात. खरं-खोटं देवाला माहीत. पण मयताच्या पोरांना ते आवडलं, हे नक्की.

तर माइकवरचा रामनाथ अख्ख्या तालुक्याला ठाऊक. माइकखालचा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

पुण्याला बी.ए.ला असताना त्यानं प्राचीन ग्रीक आणि लॅटिन या विषयाला नाव घातलं. का घातलं, हे सांगायला त्याला अजून लाज वाटते. त्या वर्गापासून मेस सगळ्यात जवळ होती. तास सुटला की पहिलं ताट याचं. वर्गात मुलं चार, दिवाळीनंतर दोन. त्यातला एक रामनाथ आणि दुसरा हजेरीपुरता. शिकवायला घैसास बाई. बुटक्या, बोटांना कायम शाई, आणि आवाज असा मऊ की शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याची झुळूक व्हायची. पहिल्या दिवशी वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "खाइरे." म्हणजे आनंदात राहा. ग्रीक माणसं एकमेकांना भेटली की असं म्हणायची. रामनाथ आजही सकाळी गोठ्यात गेला की म्हशीला हेच म्हणतो, आणि म्हैस आज्ञेत राहून खायला लागते. असो.

एके दिवशी बाई रोमन लोकांच्या रथांच्या शर्यती शिकवत होत्या. चार घोडे जोडीनं जुंपलेले, रंगारंगाचे तट, आपल्या रंगापायी सोयऱ्यांत बोलणं बंद. रामनाथ खुदकन हसला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाई, रागावू नका. पन हे समदं आमच्या वाडीतलं हाये. निस्ते घोडे सोडून बैल धरा."

दुसरी कुणी असती तर वर्गाबाहेर काढलं असतं. बाई त्या चैत्रात खरोखर वाडीला आल्या. बायकांत बसल्या, डोईवर पदर घेतला, केसांत भंडारा, नाकात भंडारा. संध्याकाळी म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे मुक्यानं शिकवत होते रे."

परत जाताना रामनाथनं त्यांना जुन्नरची लेणी दाखवायला नेलं. म्हणजे हा दाखवायला गेला, आणि दाखवलं बाईंनी. एका कातळापाशी थांबून त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. कुणा एका यवनानं, म्हणजे ग्रीकांकडच्या माणसानं, इथल्या भिक्षूंसाठी दोन पोढ्या खोदवून दिल्या, पाण्याची टाकी, असं तिथं लिहिलेलं. समुद्र ओलांडून, घाट चढून आलेला माणूस.

"मग हे ग्रीकमधी लिव्हलंय?"

"नाही. इथल्याच भाषेत. त्याच्या भाषेत एक अक्षर नाही."

रामनाथ पोढीतल्या हिरव्या पाण्याकडे बघत राहिला. "मग इथं तो आपल्या भाषेत बोलायचा कुणासंगं?"

त्या दिवसापासून रामनाथ मेसच्या ताटासाठी वर्गात येत नव्हता, हे त्यांना कळलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या लेखी परीक्षा झाल्या. तोंडी राहिली. तेवढ्यात रामनाथचा बाप, रखमाजी, घाटात बैलाच्या आडवा आला आणि खुब्यात मोडला. रामनाथ घरी आला तो आलाच. "कांदे निघाले की येतो," असं त्यानं बाईंना कळवलं. कांदे निघाले, गहू आला. गहू निघाला, लग्न आलं. मग बाप गेला, पोरगी झाली, ती मोठी होऊन मंचरला कॉलेजात जायला लागली. या काळात कांदे किती वेळा निघाले ते बाजार समितीला विचारा.

ग्रीक मात्र राहिलं. आपल्याकडे उसातून गप्प जायची सोय नाही, बिबट्याला आपली चाहूल द्यावी लागते. कुणी मोबाइलवर गाणी लावतो, कुणी उगाच खोकतो, वाडीतला म्हातारा गेणभाऊ बैलांना देतो त्याच शिव्या मोकळ्या हवेला देतो. रामनाथ ग्रीक क्रियापदं चालवतो. बाईंनी पहिलं शिकवलेलं क्रियापद होतं 'सोडणे'. मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो. मी सोडलं, तू सोडलंस. अशी वर्षं गेली. राजुरीच्या उसातल्या बिबट्यांना एव्हाना तिन्ही काळ पाठ झाले असतील. पण बिबट्या झाला तरी पाहुणाच, ऐकून घेतो आणि निघून जातो. इतक्या वर्षांत त्या भाषेत रामनाथला कुणी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. बरा आहेस का, एवढाही नाही. माइकवर दिवसभर बोलून घसा बसला तरी आत काहीतरी न बोललेलं उरायचं, आणि ते नेमकं काय, हे मराठीत सांगता यायचं नाही.

गेल्या माघात, वांग्यांना पाणी देताना, फोन वाजला.

"बोला, कंची यात्रा?" रामनाथनं धंद्याच्या आवाजात विचारलं.

"यात्रा नाही. रामनाथ, तुझी तोंडी राहिलीय."

हातातलं फावडं पाटात पडलं. पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं, आणि शेजारी त्यावर अजून बोलतो.

बाईंना नंबर मिळाला कसा? कुणा नातवानं त्यांना मोबाइलवर बैलगाड्याचा व्हिडिओ लावून दिला, त्यात आवाज ओळखला, आणि मागच्या फ्लेक्सवर निवेदकाचा फोटो आणि नंबर बोटाएवढ्या अक्षरांत होता. कॉलेजात तो विषयच आता बंद होत होता. बाई कधीच्या निवृत्त. पण जुन्यांच्या राहिलेल्या परीक्षा घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. "तारखा दोन आहेत," त्या म्हणाल्या. "मार्चच्या शेवटी एक, एप्रिलच्या शेवटी एक. कुठली घेतोस?"

आता ऐका. जुन्नर तालुक्यातल्या सगळ्या यात्रा रामनाथला तोंडपाठ. वाडीच्या भैरवनाथाची यात्रा चैत्री पुनवेची. गेल्या साली ती एप्रिलच्या सुरुवातीला झाली होती. आणि दरसाल तिथी दहा-अकरा दिवस मागं येते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे या साली यात्रा मार्चअखेरीस. रामनाथनं वांग्याच्या सरीत उभ्या उभ्या हिशेब केला आणि म्हणाला, "बाई, एप्रिलची धरा. तवर आमची यात्रा उरकंल."

पाडव्याला देवळात पंचांग वाचतात. त्याआधी एक मान असतो. यंदाच्या यात्रेचा माइक ज्याचा, त्याला कमिटीचा अध्यक्ष देवापुढचा नारळ देतो. नारळ दोन्ही हातांनी घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. तो देवाला परत करता येत नाही. फार तर दुसऱ्या निवेदकाच्या हातात देता येतो. पण मग नारळाबरोबर माइकही जातो, आणि तो पुन्हा मागायचा नसतो. बाळासाहेबांनी नारळ दिला, रामनाथनं कपाळाला लावला, टाळ्या झाल्या. मग गुरवानं पंचांग उघडलं आणि पुनवेची तारीख वाचली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. आणि बाईंनी दिलेला दिवस तोच. मार्चची तारीख तर केव्हाच उलटून गेलेली.

"आसं कसं?" रामनाथ उभाच राहिला. "मागल्या साली तर…"

"मागल्या साली मधी अधिक श्रावण व्हता की राव!" बाळासाहेब म्हणाले. "शिकंदर, येक महिना आख्खा गिळला का काय?"

देऊळ हसलं. रामनाथनं नारळ पिशवीत घातला आणि घरी आला. बातमी मात्र त्याच्या आधीच पोचलेली. प्रतिभा दारातच पदर खोचून उभी.

"अधिक महिना इसरला?" तिनं विचारलं. "आमच्या बापाच्या घरी जावई म्हनून पाटावर बसून अनारसे खाल्लं, तांब्याचं ताट घेतलं, धोतर घेतलं. तवा वाटलं कशापायी चाललाय हा लाड? तुमच्या ग्रीकापायी?"

"तवा तोंडात अनारसा व्हता."

"आन् डोक्यात?"

दुसऱ्या दिवशी रामनाथनं कॉलेजात फोन लावला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, वेळापत्रक वर गेलं, आता बदल होणार नाही. बाईंना मात्र त्यानं फोन केला नाही. त्या म्हणाल्या असत्या, "राहू दे रे, यात्रा महत्त्वाची," आणि मग खरंच राहिलं असतं.

पुढचे चार-पाच दिवस रामनाथ वाडीत फिरत होता पण वाडीला दिसत नव्हता. बाळासाहेबांकडे जाऊन बसला. चहा झाला, टोमॅटोचा भाव झाला, बाळासाहेबांच्या नव्या बैलाचे दात मोजून झाले.

"बाळासाहेब, मानाच्या बाऱ्या झाल्या की मला दुपारला सोडलं तर?"

"कुठं जायाचंय?"

"पुन्याला. परीक्षा."

बाळासाहेबांनी कप खाली ठेवला. "शिकंदर, फायनलला माइकवर तू नसलास तर आमचा घाट मुका. आन् परीक्षा कसली? नोकरी लागनार का? का पगार वाढनार म्हशीचा?"

"काई न्हाई लागनार."

"मग?"

हाच प्रश्न रामनाथ स्वतःला विचारत होता. कागद मिळून त्याचं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एका खोलीत बसायचं होतं, जिथं समोरचं माणूस त्या भाषेत काही विचारील आणि याला त्या भाषेत उत्तर द्यावं लागेल. अर्धा तास. तेवढ्यासाठी माणूस माइक सोडतो, हे बाळासाहेबांना सांगायचं कसं? जुन्नरच्या पोढीवाल्या यवनानं ते कुणाला सांगितलं असेल?

जेवताना प्रतिभानं भाकरी वाढली आणि म्हणाली, "जायाचं आसंल तर जावा. न जायाचं आसंल तर ऱ्हावा. पन आसं मेल्या म्हशीवानी तोंड करून माइकवर हुबं ऱ्हानार आसाल, तर मी घाटात येनार न्हाई. लोक इचारतील, हिच्या नवऱ्याला काय झालं? मी काय सांगू, दुसरीची आठवन येती म्हनून?"

"बाई ऐंशीच्या पुढं हायेत गं."

"मी बाईचं न्हाई म्हनत. त्या भाषेचं म्हनते. येवढी वर्षं सवत घरात नांदवली, मला कळत न्हाई व्हय?"

रामनाथनं भाकरीचा घास तसाच धरला. मग उठला, पिशवीतला नारळ काढला आणि गेणभाऊच्या घरी गेला.

गेणभाऊबद्दल वाईट बोलू नये, पण बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. साठीच्या पुढचा माणूस. आवाज म्हणजे थंडीत डिझेल इंजिन सुरू करावं तसा. आधी बराच वेळ नुसतं गुरगुरणं, मग एकदम धूर. रामनाथच्या आधी वाडीचा माइक त्याचाच होता. बापाचा खुबा मोडल्यावर रामनाथ परत आला, त्याच्या पुढच्याच यात्रेला कमिटीनं नारळ रामनाथला दिला आणि गेणभाऊ त्या दिवसापासून घाटात आला तरी लाउडस्पीकरकडे पाठ करून बसायचा.

"काय रं शिकंदर? कुनी गेलं का?" दारात रामनाथला बघून त्यानं विचारलं.

"न्हाई, गेणभाऊ. ह्यो नारळ घ्या."

गेणभाऊनं नारळाकडे पाहिलं. हात पुढं केला नाही. "घसा बसला?"

"न्हाई."

"बायकुशी भांडलास?"

"तिनंच धाडलंय. यात्रेच्या दिशी माझी परीक्षा हाय."

"ह्या वयात? पोरीची का तुझी?" मग त्याला समजलं की गंमत नाही. तो उठून उभा राहिला. "हे बघ, नारळ गेला की माइक गेला. उद्याच्याला मागाया आलास तर मी देनार न्हाई. म्हातारा झालोय, पन देनार न्हाई."

"नका दिऊ."

गेणभाऊनं टोपी नीट केली, दोन्ही हात धोतराला पुसले आणि नारळ कपाळाला लावला. बराच वेळ खाली घेतला नाही. नारळाआड त्याचं तोंड काय करत होतं ते दिसत नव्हतं, आणि रामनाथही ते बघायला थांबला नाही.

पुनवेच्या सकाळी वाडीत गुलाल, भंडारा, ट्रॅक्टर, बैलांच्या अंगावर झुली. रामनाथ इस्त्रीचा शर्ट घालून उलट्या दिशेनं आळेफाट्याला निघाला. येणारे-जाणारे विचारत, "आवं शिकंदर, घाट हिकडं!" एसटीत बसल्यावर त्यानं खिडकी लावून घेतली. पहिल्या बारीची हाळी कानावर आली तर आपण उतरून परत फिरू, असं त्याला वाटत होतं, आणि त्याचं त्याला हसूही येत होतं. नारायणगाव मागं पडलं तेव्हा कुठं त्यानं खिडकी उघडली आणि क्रियापदं सुरू केली. शेजारचा माणूस हळूच उठून पुढच्या सीटवर गेला.

कॉलेजातली खोली तीच. बाकं नवी, पंखा जुना. दाराशी कारकून घड्याळ लावून बसलेला. घैसास बाई खुर्चीत एवढ्याशा झाल्या होत्या. शाई मात्र बोटांना तशीच.

"खाइरे," बाई म्हणाल्या.

"खाइरे," रामनाथ म्हणाला. म्हशीव्यतिरिक्त कुणाला हे म्हटल्याला वर्षं लोटली होती.

मग बाईंनी ग्रीकमध्ये विचारलं, "इतके दिवस कुठे होतास?"

साधा प्रश्न. रामनाथला शब्दन् शब्द कळला. पण उत्तर येईना. तिन्ही काळ येत होते, कुठलीही बारी न चुकता वर्णून सांगणारी जीभ तोंडात होती; आणि तो नुसता बघत राहिला. बिबट्यानं कधी प्रश्न विचारला नव्हता. म्हशीनं विचारला नव्हता. समोरून येणाऱ्या शब्दाला तोंड द्यायची सवयच मोडली होती. पंखा फिरत राहिला. कारकुनानं मान वळवून पाहिलं. बाईंनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही, नजरही हटवली नाही. बैल अडला की चांगला धनी जसा नुसता हात ठेवून उभा राहतो, तशा त्या बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं रामनाथ म्हणाला, त्याच भाषेत, अडखळत, "लांब नव्हतो. येत होतो. रस्ता मोठा होता."

बाई हसल्या. आणि मग काय विचारता! गाडा सुटला. बाईंनी वाडीचं विचारलं, यानं घाट सांगितला, आजची यात्रा सांगितली. भंडाऱ्याला शब्द सापडेना तेव्हा 'देवाची पिवळी धूळ' म्हणाला. बाईंनी चूक काढली, यानं सुधारली, बाईंनी पुन्हा काढली. रखमाजीचं विचारलं, तो गेल्याचं यानं सांगितलं. बायकोचं विचारलं, तेव्हा तिच्या जिभेला साजेसा शब्द ग्रीकांकडे आहे का, असं यानंच उलट विचारलं. बाईंनी तीन सांगितले. एकदा तर दोघं एकदम बोलायला लागले आणि एकदम थांबले. रामनाथच्या अंगावर काटा आला. कुणीतरी आपलं बोलणं मध्येच तोडलं, त्या भाषेत!

"आज माइकवर कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"दुसरा. त्याला दिला."

"कायमचा?"

रामनाथनं होकाराची मान हलवली. दारातून कारकून म्हणाला, "मॅडम, वेळ झाली." बाईंनी गुणांचा कागद पुढं ओढला.

"साहेब," रामनाथ वळून कारकुनाला म्हणाला, "समजा यात कुणी नापास झाला, तर?"

"तर नापासांसाठी ऑक्टोबरात परत एकदा. त्यानंतर बंद. पण काळजी करू नका, चांगलं बोलत होतात, म्हणजे आवाज चांगला होता."

रामनाथ खुर्ची ओढून पुढं सरकला आणि कारकुनाला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाला, "बाई, मला नापास करा."

"काय?"

"करा नापास."

"रामनाथ, मी आयुष्यात कुणाला खोटे गुण दिलेले नाहीत. कमी नाहीत आणि जास्तही नाहीत."

"खोटे कशाला? पहिल्या प्रश्नाला मी किती येळ मुका बसलो? तोंडी परीक्षेला आलेला माणूस मुका बसला, तर त्यो पास कसा? खरं सांगा."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढला. ऐंशी उलटलेल्या त्या बाईंकडे घरात बोलायला नातवंडं होती, सुना होत्या, दूधवाला होता. पण रामनाथ जिन्यावरून उतरला की या भाषेत त्यांनाही "खाइरे" म्हणणारं कुणी उरणार नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही एकाच वेळी समजलं.

"उच्चार बरे," बाई लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, कारकुनाला ऐकू जाईल असं. "उत्तरं फार उशिरा येतात. अजून तयारी हवी. अनुत्तीर्ण."

कारकून हळहळला. "अरेरे! एवढ्या लांबून आलात."

रामनाथनं वाकून बाईंच्या पाया पडायला हात खाली नेले, तर बाईंनी ते हातच धरले आणि ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाल्या. काय ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. वाडीनं खोदून खोदून विचारलं, तरी नाही.

तो परत आला तेव्हा उन्हं उतरली होती. वाडीच्या फाट्यावरूनच गेणभाऊचा आवाज ऐकू येत होता, गुरगुरत, धूर काढत, आणि मध्येच पंचवीस वर्षांनी मोकळा सुटल्यासारखा उंच जात. रामनाथ रस्त्यातच थांबला. ओठ आपोआप हलले, पण त्यानं आवाज बाहेर येऊ दिला नाही.

घाटाच्या कडेला बाळासाहेबांनी गाठलं. "काय शिकंदर? झालं का पास?"

"नापास."

"आरं, माइकबी गेला आन् परीक्षाबी गेली!" बाळासाहेबांना खरंच वाईट वाटलं, तरी ते चार जणांना सांगायला लगेच गेले, तो भाग वेगळा. दहा मिनिटांत अख्खा घाट म्हणत होता, शिकंदर हरला. कुणी शेव पुढं केली, कुणी खांद्यावर हात ठेवला. रामनाथ नवरदेवासारखा हसत होता, आणि त्यामुळं लोकांना त्याची आणखीच दया आली.

प्रतिभा बायकांतून उठून आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बाई बरी हाय?"

"बऱ्या हायेत. लई बारीक झाल्यात."

"परत कधी बोलीवलंय?"

रामनाथ चपापला. हिला कुणी सांगितलं? "ऑक्टोबरात," तो म्हणाला.

"आन् त्याच्या फुडं?"

समोर शेवटची बारी जुंपत होते. चार बैल, पुढं घोडी. लोक उभे राहिले. रामनाथनं घाटाच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, जिथं गाडा पोचला की सगळं संपतं, आणि ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटला.

"मला नका सांगू त्या भाषेत," प्रतिभा म्हणाली. "मला कळत न्हाई, आन् मी शिकनारबी न्हाई, घरात कुनीतरी शानं ऱ्हायला पायजे. ऑक्टोबरपातूर साठवून ठेवा." मग वाटेकडं वळत, "चला आता. म्हशी वरडत आसतील."

ती पुढं निघाली. मागं गेणभाऊ ओरडला, "झाऽऽऽली!" भंडारा उडाला. रामनाथ तिच्या मागोमाग उसाच्या वाटेला लागला. त्या संध्याकाळी मात्र तो क्रियापदं चालवत नव्हता; बाईंना सांगायचं काय काय राहून गेलं, ते एकेक करून मोठ्यानं म्हणत होता.